आपला कितवा आला?

आईला सायकल येत नव्हती. कराडच्या घरी वडिलांची एक काळी सायकल होती, आणि आईचा तिच्याशी संबंध एवढाच की पावसाळ्यात ओले पंचे वाळत घालायला तिचा दांडा बरा पडायचा. तरीसुद्धा शेवटच्या काही वर्षांत तिला सायकलच्या शर्यतींतलं जेवढं कळत होतं तेवढं मला आजही कळत नाही. ती गेली त्याला दीड वर्ष झालं. तिच्याबद्दल लिहायला बसलं की काहीतरी गंभीर लिहावंसं वाटतं. दोन-तीनदा तसं लिहूनही पाहिलं, पण वाचताना त्यात आई कुठेच सापडेना. म्हणून हे दुसरं लिहितो आहे.

२००१ च्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा आमच्याकडे अमेरिकेत हर्नडनला आली. वडील जाऊन वर्ष झालं होतं. माझी बायको सकाळी साडेसातला कामावर जायची. मी मात्र घरीच होतो, कारण त्या वर्षी आमच्या धंद्यात मंदी आली होती आणि कंपनीनं मला बेंचवर टाकलं होतं. म्हणजे नोकरी आहे, पण काम नाही. हे आईला समजावून सांगायला मला दोन दिवस लागले.

"बाकावर बसवायला तू काय शाळेत आहेस?" ती म्हणाली. "काय चुकलं तुझं?"

माझं काही चुकलेलं नाही हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

आम्ही दोघं सकाळी चहा घेऊन टीव्हीसमोर बसायचो. मी पुस्तकात डोकं घालायचो आणि ती रिमोटची बटणं दाबत राहायची. एक चॅनेल असं होतं की ज्यावर वर्षभर मासेमारी आणि हरणांची शिकार चालायची. जुलैत त्यावर युरोपातली सायकलची मोठी शर्यत सुरू झाली. तीन आठवडे, रोज सकाळी. आईला पहिले दोन दिवस फक्त सूर्यफुलांची शेतं बघायची होती. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "हा एकटाच उलटा का चाललाय?"

सगळा घोळका पुढे चालला होता आणि एक किडकिडीत माणूस मागे, गाडीकडे. गाडीतून त्याला पाण्याच्या बाटल्या मिळत होत्या आणि तो त्या सदऱ्यात कोंबत होता, पाठीवर, पोटावर, मानेपाशी. मग तसाच कुबड आल्यासारखा जोर लावत पुढे गेला आणि एकेकाला बाटल्या वाटू लागला. मी लायब्ररीतून शर्यतींवरचं एक पुस्तक आणलं होतं, ते आणि पडद्यावरचं वाचून सांगितलं की तो स्पेनचा आहे, एका टीममध्ये नऊजण असतात, त्यातला एक मुख्य, आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी राबायचं. ह्याचं काम पाणी आणायचं, वारा अडवायचा, आणि वेळ आली तर आपली सायकल त्याला द्यायची.

"म्हणजे वाढपी," आई म्हणाली.

मी हो म्हणालो.

"आणि ह्याला कोण वाढतं?"

ते पुस्तकात नव्हतं.

आईचं लग्न चौदा माणसांच्या घरात झालं होतं. पंगतीला वाढायला ती कायम. लग्नकार्यात शेवटची पंगत वाढप्यांची असते. त्या वेळी कढी पाणीदार झालेली असते, जिलब्यांचे तुकडे उरलेले असतात, आणि वाढायला कुणी उभं नसतं. ज्याचं त्यानं घ्यायचं. आईची मात्र रीत होती की त्या पंगतीला ती स्वतः वाढायची आणि आग्रहही करायची. त्यामुळे ती स्वतः जेवायची साडेचारला. हे मी लहानपणापासून पाहिलं होतं, पण ते जुलैतल्या त्या सकाळी व्हर्जिनियात टीव्हीवर लागू होईल असं वाटलं नव्हतं.

तेव्हापासून तो 'आपला' झाला. त्याचं नाव आईला उच्चारायला जमायचं नाही असं नाही. पण घरच्या माणसाला नावानं काय हाक मारायची, असा तिचा हिशेब होता. बायको कामावरून आली की विचारायची, "आज काय झालं, आई?" आणि आई सांगायची, "आपल्यानं अकरा बाटल्या नेल्या." कोण जिंकलं ते तिला ठाऊक नसायचं. एकदा ती एवढंच म्हणाली, "एकदा त्याला समोर बसवून जेवायला घातलं पाहिजे." आम्ही हसलो. ती हसली नाही.

सप्टेंबरात ती परत गेली. मला पुढच्या वर्षी काम मिळालं. मग दर रविवारी मी कॉलिंग कार्डावर तिला फोन करायचो. तब्येत, गॅसचा नंबर, शेजारच्यांचा कुत्रा, हे झालं की प्रश्न यायचा, "आपला कितवा आला?"

"एकशे सव्विसावा."

"मागच्या खेपेला एकशे चाळिसावा होता ना? सुधारतोय."

मी ऑफिसात बसून स्पॅनिश वर्तमानपत्रांची पानं उघडायचो आणि खाली, खाली, अगदी खाली जाऊन त्याचं नाव शोधायचो. त्याच्या कारकिर्दीची इतकी बारीक नोंद त्याच्या गावात तरी कुणी ठेवत असेल का, मला शंका आहे. वसंतात त्याच्या हाताचं हाड मोडलं, तर त्याला तिळाच्या तेलानं मालीश करायला सांग, असं आईनं मला सांगितलं. त्याचं लग्न झालं, तर तिनं विचारलं, "मुलगी काय करते?"

२००४ मध्ये ती पुन्हा आली ती थेट जूनअखेरीस, शर्यत धरूनच. आमची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. त्या वर्षी डोंगरातल्या एका दिवशी आपला चक्क पुढे होता. त्याच्यासोबत आणखी दोघं, मागचा घोळका चार मिनिटं लांब. आईनं पोळ्यांचा तवा उतरवून ठेवला. बायकोनं ऑफिसला फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं. मी तर घरून काम करतो म्हणून सांगितलंच होतं. शेवटचे वीस किलोमीटर राहिले आणि त्यानं कानातल्या यंत्राला हात लावला, काहीतरी ऐकलं, पाय थांबवले आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

"काय झालं? पंक्चर?" बायको म्हणाली.

पंक्चर झालं होतं, पण मागे, त्यांच्या मुख्य खेळाडूचं. मालकांनी सांगितलं होतं की थांब आणि त्याला घेऊन ये. तो थांबला. एक पाय खाली टेकवून, रस्त्याकडे बघत. गाईवाल्या एका शेतकऱ्यानं त्याला पाणी दिलं ते प्यायला. चार मिनिटं कॅमेरा अधूनमधून त्याला दाखवत होता आणि आई टीव्हीला म्हणत होती, "अरे चल! ऐकू नाही आलं म्हणून सांग! यंत्र बिघडलं म्हणावं!"

मी म्हणालो, "आई, तू कधी सांगितलंस का आजीला, ऐकू आलं नाही म्हणून?"

"मला यंत्र नव्हतं," ती म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी पोळ्या करपल्या.

पुढे दोन वर्षांनी त्याच्या टीमला पैसे पुरवणारी कंपनी निघून गेली आणि टीमच बंद पडली. मी फोनवर सांगितलं, "आई, आपला बेंचवर आहे."

"त्याचं काय चुकलं?" तिनं विचारलं.

सव्वा वर्ष त्याचं नाव कुठेच येईना. मग २००८ च्या सुरुवातीला मला दिसलं की तो अमेरिकेतल्या एका लहानशा टीमकडून खेळायला आलाय, आणि हे वर्ष आपलं शेवटचं असं त्यानं सांगून टाकलंय. वय छत्तीस. जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका गावात शर्यत होती, आमच्यापासून साडेतीन तासांवर. मी आईला फोन केला. तिचे गुडघे तोवर फार दुखू लागले होते आणि विमान आता बस झालं असं ती दिवाळीत म्हणाली होती.

"ह्या वेळी येते," ती म्हणाली. "मग नाही. जेवायला काय चालतं त्याला?"

आल्या दिवसापासून तिचं तेच सुरू झालं. टीव्हीवर तिनं वर्षानुवर्षं पाहिलं होतं की शर्यतीत एका ठरावीक जागी टीमची माणसं हात लांब करून उभी राहतात. त्यांच्या हातात लांब बंदाची कापडी पिशवी असते. खेळाडू न थांबता ती उचलतात, गळ्यात अडकवतात आणि आतलं खात खात जातात. "शबनम पिशवी आहे ती साधी," आई म्हणाली. "ती काय फक्त त्यांनाच शिवता येते?" तिनं बायकोचा एक न वापरलेला हिरवा कुडता मागून घेतला, कारण त्याच्या नव्या टीमचा सदरा हिरवा होता, आणि दुपारभर बसून हातशिलाईनं पिशवी शिवली. मग डिंकाचे लाडू करायला घेतले.

"आई, जूनमध्ये डिंकाचे लाडू?" बायको म्हणाली. "किती उष्ण!"

"शंभर मैल सायकल मारणार आहे तो. बाळंतिणीला चालतात ते ह्याला चालणार नाहीत?"

टीव्हीवर पाहिल्याप्रमाणे तिनं एकेक लाडू चांदीच्या कागदात गुंडाळला. सहा लाडू. आमच्यासाठी म्हणून स्टीलच्या डब्यात दहीभात घेतला, कारण बाहेरचं ती खात नसे.

शर्यत गावाभोवती गोल गोल होती, एकूण दहा फेऱ्या, आणि दर फेरीला एक चढ. त्या चढावरच खाण्याची जागा होती. तिथे फक्त टीमच्या माणसांनी उभं राहायचं असतं. पण हिरवी पिशवी हातात धरलेल्या, साडी आणि बुटांतल्या म्हातारीला तू कोण म्हणून विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. मी आणि बायको दोरीच्या अलीकडे मुलीचा हात धरून उभे राहिलो. हिरव्या टीमचा एक जाडजूड, लाल मिशांचा माणूस चार पिशव्या घेऊन आईपासून दहा पावलांवर उभा होता. त्यानं एकदा तिच्या पिशवीकडे पाहिलं, मग आपल्या पिशव्या मोजल्या.

पहिल्या चार फेऱ्यांत आपला दिसला. घोळक्याच्या मध्ये, मग मागे, मग अगदी मागे. "वाळलाय," आई दर वेळी म्हणाली. पाचव्या फेरीला सगळे पिशव्या घेऊ लागले. आईनं पदर खोचला आणि हात लांब केला, टीव्हीत करतात तस्साच. आणि एक तरणाबांड, पिवळ्या केसांचा, हिरव्या सदऱ्याचा मुलगा वाऱ्यासारखा आला आणि पिशवी उचलून गेला.

"अरे! तुला नाही!" आई ओरडली. "परत दे! अरे मेल्या!"

तो पार वळणापलीकडे. मागून आपला आला तेव्हा आईचे हात रिकामे होते. तिनं ते तसेच त्याच्यासमोर धरले. त्यानं पाहिलंही नाही. तो वाकून, मान खाली घालून चालला होता.

लाल मिशांच्या माणसाच्या हातात आता एक पिशवी उरली होती. तो त्या उरलेल्या पिशवीकडे बघत राहिला आणि मग सरळ आमच्याकडे आला.

"मॅम, त्या पिशवीत काय होतं?" त्यानं अदबीनं विचारलं.

मी पुढे झालो. आयुष्यभर पुस्तकं वाचलेल्या माणसाला डिंकाच्या लाडवाचं वर्णन इंग्रजीत करता यायला हवं. मी सांगितलं की हा एक पौष्टिक पदार्थ आहे. त्यात खारीक असते, सुकं खोबरं असतं, गूळ, झाडाचा चीक तळून...

"झाडाचा चीक," तो म्हणाला.

"तळून. आणि खसखस."

खसखशीला इंग्रजीत जे म्हणतात ते मी म्हणालो मात्र, त्याचा चेहरा मिशांइतका लाल होता तो पांढरा झाला. खसखस खाल्ली तर लघवीच्या तपासणीत अफू निघू शकते, हे मला त्या क्षणी आठवलं. पूर्वी एकदा वाचलं होतं. तो कॉलरला लावलेल्या यंत्रात ओरडू लागला. गाडीला सांग, त्याला सांग, खाऊ नकोस, फेकून दे, कुणीतरी म्हातारी बाई आहे, नाही, भारतातली, नाही, का ते मला माहीत नाही!

"काय म्हणतोय तो?" आईनं विचारलं.

"खसखस चालत नाही म्हणतो."

"भाजून घेतलीये."

"भाजून घेतलीये," मी त्याला सांगितलं. त्यानं उपयोग झाला नाही.

बायको ओढणी तोंडावर धरून दुसरीकडे बघत होती. आमची मुलगी म्हणाली, "आजी, आर यू इन ट्रबल?"

थोड्या वेळानं यंत्रातून उत्तर आलं. पिवळ्या केसांच्या मुलानं कागद उघडून लाडू चावून पाहिला होता, तो त्याला दगडासारखा लागला, त्यानं तो थुंकला आणि अख्खी पिशवी मागे देऊन टाकली. नको असलेलं सामान गाडीपर्यंत नेऊन द्यायचं काम टीममध्ये एकाच माणसाचं होतं.

सहाव्या फेरीत घोळका गेला, मागचे गेले, गाड्या गेल्या, आणि मग खूप वेळानं आपला आला. एकटा, हळूहळू, आणि गळ्यात हिरवी पिशवी. चढ अर्धा चढून तो थांबला. शर्यत सोडायची असली की खेळाडू ह्याच जागी सोडतात, कारण इथे आपली माणसं आणि गाडी असते. त्यानं एक पाय खाली टेकला. २००४ मध्ये टेकला होता तसाच, पण ह्या वेळी कुणी थांब म्हणून सांगितलं नव्हतं. लाल मिशांच्या माणसानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, सायकल धरली, आणि पहिलं काम म्हणजे त्याच्या गळ्यातली पिशवी काढून घेतली. मग त्याला बर्फाच्या पेटीवर बसवलं. त्यानं डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं.

"अगं बाई, टक्कल," आई म्हणाली.

तिथे आणखी चार-पाच माणसं होती, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे पुढच्या फेरीच्या तयारीत. आईनं आमच्या गाडीकडे बोट दाखवलं. मी जाऊन डबा घेऊन आलो. तिनं झाकण उघडलं आणि डबा त्याच्या पुढ्यात धरला.

लाल मिशा धावत आला. "त्यात काय आहे?"

"दही," मी म्हणालो. "भात. मीठ."

"आणि हे काळं?"

"मोहरी."

त्यानं वाकून एक मोहरी बोटावर घेतली, उन्हात धरून पाहिली, आणि नाइलाजानं मान हलवली.

चमचा नव्हता. आईनं आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्या हातावर घातलं आणि हातानं खायची खूण केली. तो एक क्षण तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं खायला सुरुवात केली, आणि खाली मान घालून खातच राहिला. आई गुडघ्यांची पर्वा न करता समोर उकिडवी बसली होती. "सावकाश," ती म्हणत होती. "ठसका लागेल. अजून आहे खाली. मिरची बाजूला काढ." तो स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाला. मी लायब्ररीतून आणलेल्या कॅसेटवर दोन हिवाळे स्पॅनिश शिकलो होतो, पण त्यातला माणूस कायम स्टेशनचा रस्ता विचारायचा. मला एवढंच कळलं की त्यात आई हा शब्द होता.

"काय म्हणतो?"

"आवडलं म्हणतो."

"ते दिसतंय मला. घरी कोण कोण असतं विचार."

मी मोडकंतोडकं विचारलं. बायको, म्हणाला. दोन मुली. आई. आता घरी जाणार, म्हणाला, आणि हसला. आईनं मला विचारलंच नाही ह्याचा अर्थ. तिला तो समजला होता. इतकी खूश मी तिला माझ्या लग्नातही पाहिली नव्हती.

आणि मग ते घडलं. डबा रिकामा झाल्यावर त्यानं इकडेतिकडे पाहिलं, शेजारची पाण्याची बाटली घेतली, डब्यात पाणी ओतलं, बोटं फिरवून तो विसळला, पाणी गवतावर टाकलं, पुन्हा एकदा विसळला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि दोन्ही हातांनी आईला परत दिला.

"अरे, ठेव! अरे, त्याला सांग ना ठेव म्हणून!" आई म्हणत होती. मी ठेव म्हणालो. पण मी म्हणालो तोवर त्याचं झाकणही धुऊन झालं होतं. आयुष्यभर ज्याचे हात हेच करत आले त्याला बसून राहा म्हणून कोण सांगणार? त्याला गाडीत घेतलं, त्यानं खिडकीतून हात केला आणि गाडी गेली.

मेरीलँड लागेपर्यंत आई डब्याचं झाकण काढत-लावत होती. मग म्हणाली, "पाहुण्याला भांडं धुवायला लावलं मी."

"आई, त्यानं आपणहून धुतलं," बायको म्हणाली.

"पण मी तिथेच होते ना? हात काय बांधले होते माझे?"

डबा तिच्या मांडीवर होता. घरी आल्यावर तिनं तो, राख नाही मिळाली म्हणून, साबणानं पुन्हा घासला, जणू त्यामुळे पहिलं धुणं रद्द होणार होतं.

ती त्यानंतर आली नाही. कराडला मात्र ही गोष्ट तिनं सगळ्यांना सांगितली. फोनवर नातेवाईक जे विचारायचे त्यावरून मला कळत होतं की ती आधीचं सगळं गाळते. पिशवी नाही, खसखस नाही, त्यानं डबा चाटूनपुसून खाल्ला तेही नाही. फक्त शेवट सांगते, आणि तोही स्वतःचा अपराध म्हणून.

ती वारल्यावर मी कराडला गेलो तेव्हा रोज दुपारी माणसं भेटायला येत होती. वाड्या-वस्तीवरच्या, मंडळातल्या बायका. त्यांतली एक काकू माझ्यासमोर सतरंजीवर बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "माणूस सोन्यासारखं होतं रे. पण तिकडे तुझ्याकडे असताना त्या शर्यतवाल्या पोराकडून भांडी घासून घेतली म्हणे तिनं?"

खोलीत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"भांडी नाही, काकू," मी म्हणालो. "एकच डबा होता. आणि घासला नाही, नुसता विसळला."

काकूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "असू दे," त्या म्हणाल्या. "मुलगा आहेस तू. आईची बाजू घेणारच."